नकार परवडणारी कंपनी: कोकणात राहून सॉफ्टवेअरचा व्यवसाय सचोटीने कसा करावा

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा कुडाळ अशा ठिकाणी चार-पाच जणांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणे आता तंत्राच्या दृष्टीने फारसे अवघड राहिलेले नाही. सर्व्हर भाड्याने मिळतो, ग्राहकाशी व्हिडिओवर बोलता येते, आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा न घेता वाढलेल्या झोहो कंपनीने तमिळनाडूतील तेनकाशीजवळच्या खेड्यात कार्यालय थाटून मोठे शहर ही या धंद्याची अट नाही हे दाखवूनही दिले आहे. अवघड असते ते वेगळेच. पतसंस्थेचे अध्यक्ष हे आपले सर्वांत मोठे ग्राहक असतात आणि बहुधा आपल्या काकांचे वर्गमित्रही; ते जेव्हा थकबाकीदारांची यादी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आपोआप जाईल अशी सोय मागतात, तेव्हा त्यांना नम्रपणे नाही म्हणणे आणि तरीही पुढच्या महिन्याचे पगार वेळेवर करणे, ही खरी कसोटी आहे. तो नकार देण्याची ऐपत कंपनीत आधीपासून कशी निर्माण करावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी पैशाचे वेळापत्रक

छोट्या कंपनीतील बरेचसे वाईट निर्णय लोभापोटी नव्हे, तर महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पगाराची तजवीज नसल्यामुळे घेतले जातात. म्हणून मूल्यांची यादी लिहिण्यापूर्वी रोख रकमेचे वर्षभराचे वेळापत्रक लिहावे. कोकणात हे काम विशेष काळजीने करावे लागते, कारण येथील ग्राहकांचा पैसा हंगामी असतो. आंबा बागायतदाराच्या हातात पैसा खेळतो तो मार्च ते मे या काळात, आणि वाशीच्या दलालाकडून शेवटची हिशेबपट्टी येईपर्यंत बरेचदा जून उजाडतो. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मच्छीमार सहकारी संस्थेकडे या काळात पैशाचा विषय काढणे व्यर्थ असते. मालवण, तारकर्ली, गुहागर किंवा दापोलीच्या होम-स्टेवाल्यांचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंतचा. म्हणजे जून ते सप्टेंबर हे चार महिने कंपनीच्या खात्यात जमा कमी आणि खर्च नेहमीएवढाच, हे गृहीतच धरावे.

यावर उपाय असा की सर्वांना एकाच तारखेला बिल न पाठवता वार्षिक शुल्काची तारीख ग्राहकाच्या हंगामाप्रमाणे ठरवावी: बागायतदाराकडून मेमध्ये, होम-स्टेकडून जानेवारीत, मच्छीमार संस्थेकडून ऑक्टोबरमध्ये आणि पतसंस्थेकडून मार्चअखेरची धावपळ संपल्यावर एप्रिलमध्ये. ग्राहकाला हे सोयीचे वाटते, वसुलीसाठी फोन करण्याची वेळ कमी येते, आणि स्वतःच्या कंपनीला पावसाळा निभावता येतो.

त्यानंतर किमान सहा महिन्यांचा खर्च राखीव ठेवण्याचे लक्ष्य ठरवावे. उदाहरणार्थ, चार माणसांच्या कंपनीचा पगार, जागा, सर्व्हर आणि इंटरनेट धरून महिन्याचा खर्च २ लाख ४० हजार रुपये असेल, तर राखीव रक्कम १४ लाख ४० हजार रुपये हवी. ती तीन वर्षांत जमवायची म्हटले तर वर्षाला ४ लाख ८० हजार रुपये बाजूला पडले पाहिजेत. वर्षाचा चालू खर्च २८ लाख ८० हजार. दोन्ही मिळून ३३ लाख ६० हजार. चारपैकी तीन माणसे प्रत्यक्ष बिल लावता येईल असे काम करतात आणि प्रत्येकी वर्षाला सुमारे १,१०० तास असे काम होते असे मानल्यास एका तासाची किंमत सुमारे १,०१८ रुपये पडते. प्राप्तिकर अजून धरलेलाच नाही. हा आकडा काढल्याशिवाय दरपत्रक देऊ नये. ‘गावचे काम आहे, थोडे सांभाळून घ्या’ असे म्हणणाऱ्याला सवलत जरूर द्यावी, पण ती बिलावर सवलत म्हणून दाखवावी, म्हणजे मूळ किंमत त्यालाही कळते आणि पुढच्या वर्षी बोलणी करताना घासाघीस होत नाही. राखीव रक्कम वेगळ्या खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवावी आणि भागीदारांपैकी एकट्याच्या सहीने ती काढता येऊ नये.

एका ग्राहकाकडून एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम येऊ लागली, की तो ग्राहक आपला मालक होऊ लागला असे समजावे. सुरुवातीच्या वर्षात हे टाळता येत नाही. तिसऱ्या वर्षीही तसेच असेल, तर मोठे काम आणखी वाढवण्यापेक्षा दोन लहान ग्राहक शोधण्यात वेळ घालवावा.

थकलेल्या बिलांसाठी कायद्याचा आधार आहे आणि तो फार कमी जण वापरतात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते, तिच्यासाठी कोणत्याही मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. शेजारच्या माणसाला असे व्याज लावावे असे माझे म्हणणे नाही. मात्र मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपनीसाठी काम करत असाल, तर बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि हे कलम छापण्यात संकोच बाळगू नये. हाच नियम उलट बाजूनेही पाळावा: लोगो करून देणारी मुलगी, भाषांतर करणारे शिक्षक, नेटवर्कची केबल ओढणारा इलेक्ट्रिशियन यांचे पैसे आपण ज्या दिवशी कबूल केले त्या दिवशी गेले पाहिजेत. वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवा व्यवसायाला साधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावर करावी लागते. वरच्या उदाहरणातील कंपनी ती मर्यादा ओलांडते, तेव्हा दरपत्रकात १८ टक्के कर वेगळा दाखवावा.

कंपनीचा सांगाडा

दोन-चार मित्र मिळून काम करत असतील तर २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी हा प्रकार पुष्कळदा पुरेसा ठरतो. तिचा करारनामा मात्र इंटरनेटवरून उतरवून घेऊ नये. करारात जो मुद्दा लिहिलेला नसतो तेथे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील सर्वसाधारण नियम लागू होतात आणि नफा-तोटा सर्वांत समान वाटला जातो, मग एकाने पूर्णवेळ काम केलेले असो की दुसऱ्याने फक्त शनिवारी. याच करारनाम्यात मूल्यांना जागा द्यावी: ग्राहकांची माहिती कोणत्याही परिस्थितीत स्वतंत्रपणे विकली जाणार नाही, कंपनी किंवा तिचे उत्पादन विकण्यास सर्व भागीदारांची संमती लागेल, आणि कोणत्या प्रकारची कामे घ्यायची नाहीत. खासगी मर्यादित कंपनी काढली असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याचे पाचवे कलम नियमावलीतील ठराविक तरतुदी बदलण्यास नेहमीपेक्षा कठीण करून ठेवण्याची मुभा देते. ही तरतूद फारशी कोणी वापरत नाही, पण पुढे एखादा भागीदार गुंतवणूकदाराच्या दडपणाखाली आला तर तीच उपयोगी पडते.

ग्राहकाशी करार

कोड कोणाचा, हा प्रश्न पहिल्याच भेटीत निकाली काढावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रणाली ही साहित्यकृतीत गणली जाते. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, कंपनीची असते. बाहेरून कंत्राटावर काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडची मात्र सामान्यतः त्याचीच, जोपर्यंत तो लेखी हस्तांतरण करत नाही. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ग्राहकाला ‘सर्व हक्क तुमचे’ असे तोंडी सांगून नंतर या तरतुदींच्या आड लपणे कायद्यात बसेल, सचोटीत बसणार नाही. माझ्या मते योग्य वाटणी अशी: ग्राहकासाठी खास लिहिलेला भाग ग्राहकाचा, आपली जुनी सामायिक यंत्रणा आपली आणि तिचा कायमस्वरूपी वापरपरवाना ग्राहकाला. यात मुक्तस्रोत घटक, म्हणजे ठरलेल्या अटींवर कोणालाही वापरता येणारा इतरांचा कोड, असेल तर त्यांची यादी परवान्यांसह जोडावी. एमआयटी परवान्यात मूळ कॉपीराइट सूचना कायम ठेवावी लागते. जीपीएल परवान्यातील कोड मिसळून प्रणाली ग्राहकाच्या हाती दिली, तर तिचा मूळ कोडही त्याला उपलब्ध करून द्यावा लागतो. एजीपीएलमध्ये बदललेली प्रणाली केवळ नेटवर्कवरून वापरायला दिली तरी हे बंधन येते.

दुसरा मुद्दा म्हणजे ग्राहकाला सोडून जाता आले पाहिजे. सचोटीचे मोजमाप करण्यासाठी मला याहून चांगली कसोटी माहीत नाही. ग्राहकाला आपली सगळी माहिती, आपल्याला फोन न करता, साध्या सीएसव्ही किंवा स्प्रेडशीटच्या रूपात उतरवून घेता आली पाहिजे. खातेदारांची नावे युनिकोड देवनागरीत असली पाहिजेत, जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत अडकलेली नव्हेत. पैसे थकले म्हणून प्रणालीला कुलूप लावण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे. ऐन एप्रिलमध्ये, पेट्या भरून टेम्पो उभा असताना, पावती छापणे बंद पाडणे म्हणजे वसुली नव्हे, अडवणूक. करारात असे लिहावे की शुल्क थकल्यास आधी लेखी सूचना दिली जाईल, मग ठराविक मुदतीनंतर नव्या नोंदी थांबतील, परंतु जुन्या नोंदी पाहणे आणि उतरवून घेणे कधीही थांबणार नाही, आणि हंगामाच्या मध्यात कोणतीही सेवा तोडली जाणार नाही.

दर सर्वांना दिसेल असा जाहीर ठेवावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत, न विचारता यादीत घुसवलेली वस्तू, सहज सुरू होणारे पण बंद करताना दमवणारे सदस्यत्व आणि सेवा-सॉफ्टवेअरची गुपचूप चालू राहणारी वसुली यांचा समावेश आहे. होम-स्टेच्या आरक्षणाचे पान करून देताना ‘फक्त एकच खोली शिल्लक’ असा खोटा फलक लावण्याची मागणी हमखास येते. तेव्हा ही तत्त्वे छापून टेबलावर ठेवलेली असली, की नकार व्यक्तिगत राहत नाही.

काय बांधायचे नाही

येथे मोघम तत्त्वांपेक्षा प्रत्यक्ष मागण्यांचा विचार आधीच करून ठेवणे चांगले. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेव्हापासून पेटीवर क्यूआर कोड छापून देण्याची कामे या भागातील लहान कंपन्यांकडे येऊ लागली आहेत. परराज्यातील आंबा कोकणच्या नावाने विकला जातो हे कोणापासून लपलेले नाही. अशा वेळी हवे तितके कोड छापून देणारी प्रणाली लिहिणे म्हणजे त्या फसवणुकीचे यंत्र तयार करणे होय. योग्य रचना अशी की प्रत्येक कोड नोंदलेल्या बागेशी जोडलेला असावा, बागेतील कलमांच्या संख्येवरून आणि बागायतदाराने मोहोर पाहून दिलेल्या अंदाजावरून हंगामासाठी कोडांची कमाल मर्यादा ठरावी, आणि ती वाढवायची झाल्यास कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने वाढवली याची न पुसता येणारी नोंद राहावी. व्यापारी ही मर्यादा काढा म्हणाला, तर काम सोडावे. राखीव निधी असतो तो या दिवसासाठी.

पतसंस्थांची कामे अधिक नाजूक असतात. पिग्मी गोळा करणाऱ्या प्रतिनिधीच्या मोबाइलवर दिवसभर पाळत ठेवण्याची मागणी होते. रोख रकमेची सुरक्षितता हा तिच्यामागचा खरा हेतू असेल, तर पावती करतानाच्या क्षणी जागेची नोंद घेणे पुरते. तो दुपारी कोणाकडे जेवायला गेला हे संस्थेला कळण्याचे कारण नाही. थकबाकीदारांची यादी व्हॉट्सॲपवर टाकण्याच्या मागणीला आता कायद्याचे उत्तरही देता येते. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याच्या भाषेत माहितीची मुख्य जबाबदारी पतसंस्थेची आणि आपण तिच्या वतीने ती हाताळणारे. त्यामुळे दोघांत लेखी करार हवा आणि त्यात माहितीचा उपयोग कशासाठी, किती काळ आणि नंतर ती कशी पुसायची हे लिहिलेले हवे. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीवर कर्जवसुली करणारे गाव आणि कायदा यांच्यात प्रणाली लिहिणाऱ्याने कायद्याच्या बाजूला उभे राहावे, एवढे मला स्पष्ट वाटते. त्याऐवजी हप्ता चुकण्यापूर्वी खातेदाराला एकट्यालाच मराठीत आठवण करणारा संदेश देण्याची सोय करून द्यावी. अध्यक्षांना वसुली हवी असते, आणि तिचा हा मार्ग कोणाची अब्रू घेत नाही.

होम-स्टेच्या प्रणालीत पाहुण्यांच्या आधार कार्डांची छायाचित्रे वर्षानुवर्षे साठवली जातात, कारण तशी सवय पडलेली असते. ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार अंक पुरत असतील, तर छायाचित्र साठवण्याचे बटणच देऊ नये; आधारची प्रत लागलीच, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत स्वीकारावी. परदेशी पाहुण्यांची माहिती (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) २४ तासांत सरकारला कळवणे हे वेगळे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याची आठवण प्रणालीने करून द्यावी. जी माहिती आपल्याकडे नाही, ती आपल्याकडून चोरीला जात नाही.

पावसाळा, वादळ आणि सर्व्हर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील अनेक गावे कित्येक आठवडे विजेविना होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. ग्राहकाला सेवेचा शब्द देताना हे लक्षात ठेवावे. अखंड सेवेची हमी छापण्यापेक्षा इंटरनेट नसताना पावती निघेल, नोंद मोबाइलमध्येच राहील आणि जोडणी आल्यावर ती जुळवली जाईल अशी प्रणाली लिहावी. दोन ठिकाणी एकाच खात्यात बदल झाला असेल तर तो गुपचूप मिटवू नये, माणसाला दाखवून निवडू द्यावा. माहितीची एक प्रत त्याच खोऱ्यातील दुसऱ्या इमारतीत ठेवणे ही प्रत नव्हे. दर महिन्याला एक प्रत रिकाम्या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवून पाहावी आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात हे काम चुकवू नये. घुसखोरी झाल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तिला सहा तासांत कळवावे लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पण त्याआधी, किंवा निदान त्याच दिवशी, ग्राहकाला फोन करावा. छोट्या गावात ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळली, तर संबंध दुरुस्त होत नाहीत.

माणसे

दहावी-बारावीच्या निकालांत कोकण विभागीय मंडळ सातत्याने राज्यात पुढे असते, लोणेरे येथे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आणि तरीही शिकलेली मुले मुंबई गाठतात. त्यांना थांबवण्यासाठी भावनिक आवाहन करू नये, पगार सांगावा. पदाची जाहिरात देताना पगाराची मर्यादा छापावी आणि एकाच कामासाठी गावात राहणाऱ्याला कमी व पुण्यात राहणाऱ्याला जास्त, असा भेद करू नये. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे किंवा ‘सोडल्यावर दोन वर्षे दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत जाणार नाही’ असे लिहून घेणे ही सवय मोडावी. १८७२ च्या करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाखाली नोकरी सोडल्यानंतरचे असे बंधन टिकत नाही, आणि टिकले असते तरी ते लाजिरवाणे ठरले असते. विद्यार्थ्यांकडून उन्हाळी काम करून घ्यायचे असेल तर त्याचे पैसे द्यावेत.

शिमगा आणि गणपती या दिवसांत कोणतीही नवी आवृत्ती लावू नये आणि कोणाला थांबवूही नये; हे करारातच सेवेच्या वेळापत्रकात नमूद केले, की मुंबईचा ग्राहकही समजून घेतो, कारण त्याच्या कार्यालयातील चाकरमानीही त्याच गाडीने गावी आलेले असतात. दहा किंवा अधिक माणसे झाली, की लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असताना तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगावे.

कंपनी थांबली तर

छोटी कंपनी एखाद्या आजारपणाने, लग्नाने किंवा परदेशी नोकरीने बंद पडू शकते, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या संस्थेला त्याची कल्पनाही नसते. म्हणून पहिल्या वर्षीच एक हस्तांतरणाचे टिपण तयार करावे. त्यात सर्व्हर, डोमेन आणि प्रकाशन-किल्ल्या (नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्यासाठी लागणाऱ्या सांकेतिक किल्ल्या) कोणाच्या नावावर आहेत, कोड कोठे आहे, तो नव्या यंत्रावर कसा उभारायचा, आणि मराठी नोंदींतील कोणत्या जुन्या रूपांतरांत गडबड होऊ शकते, हे आपल्याला न ओळखणाऱ्या प्रोग्रॅमरला समजेल इतके सविस्तर लिहावे. साठवणीसाठी दीर्घायुषी, खुले स्वरूप निवडावे. एसक्यूलाइट या माहिती साठवण्याच्या मोफत प्रणालीच्या कर्त्यांनी २०५० पर्यंत पाठबळ देण्याचा मानस जाहीर केलेला आहे, आणि लहान संस्थेच्या हिशेबाला त्याहून जास्त काही लागत नाही. ग्राहकांना किमान सहा महिने आधी सूचना देण्याची आणि त्या काळात शुल्क न घेता माहिती हलवून देण्याची तरतूद करारात लिहावी. राखीव निधीतील एक हिस्सा यासाठीच राखून ठेवावा. टिपणाची एक छापील प्रत सनदी लेखापालांकडे बंद पाकिटात द्यावी आणि दरवर्षी एप्रिलमध्ये, हिशेबाचे कागद त्यांच्याकडे नेतानाच, ते पाकीट बदलावे, कारण पासवर्ड बदललेले असतात आणि टिपणात नाव असलेला एखादा भागीदार एव्हाना बंगळुरूला गेलेला असतो.